फिटकाकांचा खडू

आमच्या भिसेगावात वापरलेला लॅपटॉप घ्यायचा असेल तर आधी खडू घ्यावा लागायचा. एक अख्खा, पांढरा, न तुटलेला खडू. तो घेऊन फिटकाकांच्या ओटीवर जायचं, खडू त्यांच्या हातात ठेवायचा आणि मग काम सांगायचं. हीच त्यांची फी. तुटका खडू चालत नसे. कुणी रंगीत आणला तर काका तो परत देत आणि म्हणत, "रंगपंचमीला ये."

खडू लागायचा तो शेरा मारायला. लॅपटॉप तपासून झाला की काका तो उलटा करत आणि पाठीवर कोपऱ्यात दोनपैकी एक शब्द लिहीत, 'फिट' किंवा 'सिक'. उभा जन्म त्यांनी जवळच्या कर्जत स्टेशनात रेल्वेचे डबे तपासण्यात घालवला होता. डबा धड असेल तर फिट, दुखणाईत असेल तर सिक, आणि सिक डबा बाजूच्या रुळावर. निवृत्त झाल्यावर डबे सुटले, पण ते दोन शब्द आणि खडू काही सुटला नाही. मग समोर येईल त्याला ते शेरे मारू लागले. गॅसची शेगडी, शेजारच्यांची स्कूटर, देवळातली घंटा. काकूंनी बाजारातून हौसेने आणलेल्या कलिंगडावर 'सिक' लिहिलेलं मी स्वतः पाहिलं आहे. त्यानंतर काकू दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत, कारण कापल्यावर कलिंगड खरंच पांढरं निघालं.

लॅपटॉपकडे ते वळले ते फसले म्हणून. मुलगी तळेगावला दिलेली. तिच्याशी आणि नातीशी मोठ्या पडद्यावर बोलता यावं म्हणून काकांनी एक जुना लॅपटॉप घेतला. विकणाऱ्याच्या टेबलावर तो अगदी शहाण्यासारखा चालला. घरी आणला, नात पडद्यावर आली, गाणं म्हणायला लागली आणि दुसऱ्या कडव्याला लॅपटॉप बंद पडला. मग रोज तेच, पंधरा मिनिटं झाली की गप्प. पैसे गेल्याचं काकांना एवढं वाटलं नाही. आपण, म्हणजे आपल्यासारख्या माणसाने, नीट तपासलं नाही याची त्यांना लाज वाटली. "सपाटीवर बघितला गं मी त्याला," ते सांगत. "सपाटीवर काय, सगळंच पळतं. घाट चढवून बघायला पायजे व्हता."

पुढचा महिनाभर ते कर्जतच्या बाजारपेठेत एका दुरुस्तीवाल्याच्या दुकानात रोज जाऊन बसले. दुरुस्तीवाला त्यांच्या मुलाच्या वयाचा, आधी वैतागला, मग त्यांना स्टूल दिलं, आणि शेवटी गिऱ्हाईक आलं की तोच म्हणायला लागला, "थांबा, काकांना विचारतो." परत आले ते तयार होऊनच आले.

काका लॅपटॉप आधी सुरूच करत नसत. विकणारा बटण दाबायला पुढे झाला की हात आडवा घालत. टॉर्च लावून पाठीवरचे स्क्रू बघत, आणि एखाद्याचं डोकं खरवडलेलं दिसलं की शांतपणे विचारत, "हा कुणी उघडला व्हता? आणि कशापायी?" झाकण अर्धवट उघडून सोडून देत. ते जागेवर थांबलं तर बिजागरी ठीक, हळूहळू मान टाकली तर सिक. मग बोटाच्या पेराने पाठीवर टकटक करून कान लावत. पूर्वी चाकावर हातोडी मारून आवाजावरून तडा ओळखायचे, तीच ही सवय. आत एखादा स्क्रू सुटा फिरत असेल तर त्या टकटकीत बरोबर सापडे. समोरच्या माणसाचा चेहरा तेवढ्यात बघण्यासारखा होई. खोपोलीच्या एका गृहस्थांनी एकदा मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "हे नक्की कॉम्प्युटरमधलेच आहेत ना?"

टकटक झाली की घाट. चार्जर काढून टाकायचा, एक लांबलचक व्हिडिओ लावायचा, त्याच्यामागे आणखी दहा गोष्टी उघडून ठेवायच्या आणि घड्याळ लावून अर्धा तास बसायचं. तेवढ्यात पडदा एकदा पूर्ण पांढरा, एकदा पूर्ण काळा करून डाग शोधायचे, एकूणएक बटण दाबायचं, प्रत्येक भोकात पेनड्राइव्ह घालून बघायचा. आतली हवा जिथून बाहेर पडते तिथे काका वर्तमानपत्राची बारीक पट्टी धरत. पट्टी फडफडली म्हणजे पंखा फिरतोय. बॅटरी किती उतरली तेही त्याच पट्टीवर लिहीत, आणि अर्ध्या तासाने लॅपटॉपच्या पोटाला हात लावत, ताप बघतात तसा. खूप तापला असेल तर विकणाऱ्याचा हात धरून तिथे टेकवत आणि म्हणत, "तुमीच सांगा."

आणि एवढं सगळं करूनही पैसे द्यायच्या आधी ठाकुरवाडी घ्यायची. घाट उतरणारी गाडी ठाकुरवाडीला थांबते, तिचे ब्रेक तपासले जातात, मगच ती खाली कर्जतला येते. काकांचं म्हणणं, माणसाचंही तसंच. "मन उताराला लागलं ना, की ब्रेक लागत नाय." म्हणून सौदा तोंडावर आला की उठायचं, त्या घरातून बाहेर पडायचं, कोपऱ्यावर चहा प्यायचा आणि परत येऊन मगच हो किंवा नाही म्हणायचं. विकणाऱ्याच्या घरचा चहा चालत नसे. तो घेतला की नाही म्हणायला जीभ रेटत नाही, असा त्यांचा अनुभव. भिसेगावात ही बोलीच होऊन गेली. कुणी प्लॉट घेतोय, कुणाच्या मुलीला स्थळ आलंय, की शेजारणी विचारत, ठाकुरवाडी घेतली का?

माझी स्वतःची ठाकुरवाडी चार वर्षांपूर्वीची. माझं माहेर खालापूरकडचं, भातशेतीचं. लग्न होऊन भिसेगावात आले तेव्हा नेरळच्या एका ऑफिसात टायपिंगला होते. मूल झालं, सासूबाई आजारी पडल्या, नोकरी सुटली ती सुटलीच. सात वर्षांनी मला घरबसल्या काम मिळालं. लोकांचं रेकॉर्ड केलेलं बोलणं ऐकायचं आणि जसंच्या तसं टाइप करायचं. एक माणूस डाव्या बाजूने बोलणार, दुसरा उजव्या, आणि कोण काय म्हणालं ते वेगळं लिहायचं. नणंदेच्या लॅपटॉपवर मी चाचणी दिली आणि पास झाले. अट एकच, येत्या सोमवारी स्वतःचा लॅपटॉप पाहिजे, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या बाईला. ते पत्र मी मोबाइलवर दिवसातून दहा वेळा उघडून बघायची. नवा लॅपटॉप घेणं आवाक्यातलं नव्हतं. जुना एकदाच घेता येणार होता, आणि तो चुकला तर चुकला.

खडू घेऊन गेले. काकांनी सगळं ऐकून घेतलं. माझ्याकडून ते अलीकडे एकदा जास्तच ऐकून घेत, "काय म्हणालीस?" म्हणून, पण तेव्हा मी ते काळजीपोटी आहे असं समजायची. मग म्हणाले, "तुझी नोकरी कानाची हाय, वंदना. आवाज नीट बघायला लागंल."

आवाजाची तपासणी ते सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात निगुतीने करत. सगळ्यांना खोलीबाहेर काढत, पंखा बंद करत, एका बाजूने एक आणि दुसऱ्या बाजूने दुसरा असं दोघांचं बोलणं अगदी बारीक आवाजात लावत आणि लॅपटॉप दोन्ही हातांनी उचलून कानाला भिडवत. डावी बाजू डाव्या कानाला, उजवी बाजू उजव्या. "मोठ्यानं तर फुटका पण वाजतो," असं त्यांचं मत होतं.

मंगळवारी आम्ही नेरळला गेलो. एका बाईंना ऑफिसातून नवा मिळाला होता म्हणून त्या जुना काढत होत्या. स्क्रू कोरे करकरीत, बिजागरी घट्ट, घाट धापा न टाकता चढला. मला तर मनातल्या मनात तो माझाच वाटायला लागला होता. काका आवाज बघून बाहेर आले आणि म्हणाले, "उजवा स्पीकर सिक." लॅपटॉप उलटा करून तसं लिहिलंही. बाईंनी ओलं फडकं आणून तो शब्द पुसला आणि आम्हाला दारापर्यंत सोडायलाही आल्या नाहीत.

गुरुवारी खोपोली. एका निवृत्त मास्तरांचा लॅपटॉप, त्यावर चक्क विणलेला रुमाल घातलेला. पुन्हा सगळं उत्तम, आणि पुन्हा काका बाहेर येऊन म्हणाले, "उजवा सिक." मास्तर बिचारे गोंधळले. "अहो, कालपर्यंत तर वाजत होता." काका म्हणाले, "डबा पण कालपर्यंत धावतच असतो." परतताना मी भीतभीत म्हटलं, "काका, मी हेडफोन लावून काम करेन की. स्पीकरचं काय एवढं?" ते थांबलेच. "मुळात सिक असलेली वस्तू मी तुला घ्यायला लावू? उद्या आतून आणखी काय निघालं मंजे? नाय. घाई करू नको." घाई मी करत नव्हते, सोमवार करत होता.

शनिवारी तिसरा, कर्जतातच. बदली झालेला एक तरुण, खोलीत बांधलेली खोकी, दुसऱ्या दिवशी सकाळी टेंपो येणार. म्हणजे हा शेवटचाच. घाट चढला, पट्टी फडफडली, पोट गार. मी बाहेर व्हरांड्यात उभी राहून चक्क देवाचं नाव घेत होते. काका दार उघडून आले. चेहऱ्यावरूनच कळलं. "उजवा," ते म्हणाले. "काय दिवस आलेत गं, लोकांना उजवे स्पीकर जपताच येत नाय."

नाही म्हणायच्या आधीही ते ठाकुरवाडी घेत. नियम म्हणजे नियम. मला म्हणाले चल, पण मला चहाच नको होता. मी मागे राहिले. तो तरुण खोकी बांधत होता. मी नुसती त्या लॅपटॉपसमोर बसले, आणि बसल्याबसल्या काकांनी लावलेलं ते बोलणं पुन्हा लावलं. डावीकडून एक बाई बोलत होती. उजवीकडून एक माणूस तिला उत्तर देत होता. बारीक, पण स्वच्छ. मी वाकून उजव्या कडेला कान लावला. माणूस बोलत होता. पुन्हा लावलं. पुन्हा बोलला.

मग एकेक आठवायला लागलं. उजवीकडून हाक मारली की काका अख्खे वळत. ओटीवर काकू तेच ते तीनतीनदा सांगत. रस्ता ओलांडताना मागून आलेल्या टेंपोने हॉर्न वाजवला की आम्ही दचकायचो, ते नाही. तीन घरं, तीन लॅपटॉप, तिन्हींचा नेमका उजवाच स्पीकर कसा जाईल, हे इतके दिवस माझ्या डोक्यात आलं नव्हतं. फिटकाका चुकतात हेच मुळी आमच्या कुणाच्या डोक्यात येत नसे.

मला गप्प बसता आलं असतं. "राहू दे काका, मी हेडफोनवर भागवते" म्हणून लॅपटॉप घेऊन घरी जाता आलं असतं. त्यांना कधी कळलंही नसतं. पण सोमवारपासून मला पैसे मिळणार होते ते ऐकलेलं जसंच्या तसं लिहिण्याचे, आणि पहिलंच ऐकलेलं दाबून ठेवायचं हे मला काही पटेना. शिवाय ते असेच चांगल्या चांगल्या वस्तूंना सिक लिहीत राहिले असते. तरी ते चहा पिऊन येईपर्यंत मी ते बोलणं आणखी दोनदा ऐकून घेतलं.

ते आले. म्हणाले, "चल गं. उद्या आणखी कुठं बघू." मी म्हटलं, "काका, उजवी बाजू एकदा डाव्या कानाने ऐका."

"कशाला?"

मी लॅपटॉप त्यांच्यापुढे सरकवला. त्यांना राग आलेला मी तेवढा एकदाच पाहिला. "ह्या कानानं मी चाकातला केसाएवढा तडा ऐकलाय, वंदना."

"हो काका. तरी एकदा."

त्यांनी लॅपटॉप उचलला. उजवी कड डाव्या कानाला लावली. मग डावी कड उजव्या कानाला लावली. पुन्हा उजवी डाव्याला, पुन्हा डावी उजव्याला. असं तीनदा केलं, कारण एकदा ऐकून शेरा लिहायचा नाही हा त्यांचाच नियम होता. मी फरशीकडे बघत होते. तो तरुण हातात सुतळी धरून थांबला होता.

काकांनी लॅपटॉप अलगद उलटा ठेवला आणि खडूने लिहिलं, 'फिट'. नेहमीसारखंच ठसठशीत. मग खडू बोटांत फिरवत जरा थांबले, मान वळवली आणि स्वतःच्या शर्टाच्या उजव्या खांद्यावर सावकाश लिहिलं, 'सिक'.

"डबा फिट हाय," ते म्हणाले. "तपासणारा सिक हाय."

तो तरुण हसला आणि माझा चेहरा बघून थांबला. मला हसू आलं आणि रडूही आलं, दोन्ही एकदम. मी पैसे दिले, लॅपटॉप छातीशी धरला, आणि आम्ही बाजारातून चालत भिसेगावात आलो. खांद्यावरचा शब्द पुसा म्हणून मी दोनदा सांगितलं. त्यांनी पुसला नाही. दुरुस्तीवाल्याने दुकानातून विचारलं, "काका, हे काय?" तर म्हणाले, "खरं हाय ते."

काकू ओटीवर तांदूळ निवडत होत्या. त्यांनी खांद्यावरचं वाचलं, माझ्याकडून सगळं ऐकलं, सूप खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "मंजे इतके दिवस मी यांच्या उजवीकडं बसून बोलते, ती भिंतीशी बोलते व्हय? मला वाटलं, आयकायचं नाय म्हणून गप बसतात." त्याच दिवशी त्यांनी आपला पाट उचलून डावीकडे मांडला. काकांना हे फारसं मानवलं नाही. पुढे बरेच दिवस ते मला सांगत, "आता सगळं आयकू येतं गं. लई घोटाळा झाला."

घरी जायच्या आधी त्यांनी लॅपटॉप परत मागून घेतला आणि 'फिट'च्या खाली बारीक अक्षरात दोन ओळी लिहिल्या. 'तपासला – मी. ऐकला – वंदना.' म्हणाले, "रेल्वेत पण एका सहीवर गाडी सुटत नाय." मी त्या अक्षरांवर पारदर्शक चिकटपट्टी लावली. ती अजून आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या दारात. म्हणाले, नेरळला आणि खोपोलीला जायचंय, तू साक्षीदार म्हणून चल. मी म्हटलं, "काका, फोन करून सांगा ना." ते म्हणाले, "लिहिताना फोनवर लिहिलं व्हतं काय? सिकला फिट लिहिलं तर गाडी पडते. फिटला सिक लिहिलं तर माणसाचं नाव जातं. त्यांच्या घरात उभा राहून लिहिलं, घरात उभा राहूनच पुसायचं."

नेरळच्या बाईंनी दार अर्धवटच उघडलं. काकांनी उंबऱ्याबाहेर उभं राहून, एक शब्द न गाळता सगळं सांगितलं. बाई ऐकतच राहिल्या. मग आत जाऊन हातात काहीतरी घेऊन आल्या. त्यांनी दुसऱ्याच दिवशी स्पीकर बदलून घेतला होता, आणि हा जुना. बदलणारा म्हणाला होता, चांगला तर आहे, पण त्यांनी ऐकलं नाही. "तुम्ही इतक्या ठामपणे लिहिलं होतं ना," बाई म्हणाल्या. काकांनी पाकिटाला हात घातला, त्यांनी तो धरला. शेवटी काकांनी तो जुना स्पीकर मागून घेतला. पुढे तो त्यांच्या ओटीवर, देवाच्या फोटोखालच्या फळीवर असायचा. कुणी विचारलं की सांगत, "माझी चूक हाय ती. समोर असलेली बरी."

खोपोलीच्या मास्तरांनी विकायचा विचारच सोडून दिला होता. लॅपटॉप नातीला देऊन टाकला होता आणि ती त्यावर चित्रं काढत होती. "तुम्ही नावं ठेवलीत ते बरंच झालं," मास्तर म्हणाले, "नाहीतर विकून बसलो असतो." दोन्हीकडे काकांनी नव्या खडूने 'फिट' लिहिलं. मास्तरांनी आम्हाला चहा केला आणि तो काकांनी घेतला. माझ्या माहितीत विकणाऱ्याच्या घरचा त्यांनी घेतलेला तो पहिलाच चहा.

सोमवारी मी कामाला बसले. डावीकडून एक जण बोलला, उजवीकडून दुसरा, आणि मी लिहायला लागले. अजून तेच काम करते आहे. पगार आला तेव्हा मी काकांना खडूची अख्खी पेटी नेऊन दिली. त्यांनी एक काढून घेतला आणि पेटी परत केली.

काकांनी पुढे कानाचं यंत्र आणलं. आणलं म्हणजे त्या दुकानात दीड तास बसून दोन यंत्रं सिक ठरवली, तिसरं कसंबसं पास केलं, आणि घरी आल्यावर खिशात ठेवून दिलं. त्यातून म्हणे काकूंच्या बांगड्यासुद्धा ओरडत. तपासणीला मात्र ते मला घेऊन जाऊ लागले. सगळं ते करत, आवाज आला की बाजूला होत आणि विकणाऱ्याला सांगत, "कान ही बाई हाय." मग मला म्हणत, "घाई नाय गं. तीनदा ऐक." नेरळपासून खोपोलीपर्यंत आम्ही किती घरांत असे गेलो त्याची गणती नाही. सात वर्षं घरात बसलेल्या मला, आपल्या शब्दावर कुणी काहीतरी ठरवतं आहे, ही गोष्ट फार मोठी वाटायची. ती त्यांनी मला अगदी सहज देऊन टाकली होती.

गेल्या दिवाळीनंतर काकूंचे गुडघे अगदीच बसले. मुलीने हट्ट धरला, आणि दोघांनी कायमचं तळेगावला जायचं ठरलं. मी काकांना विचारलं, ठाकुरवाडी घेतली का? म्हणाले, "दोन महिने घेतली. हिचे गुडघे काय बोलू देत नाय."

मी स्टेशनावर गेले. पुण्याकडची गाडी कर्जतला जरा जास्त थांबते. पुढे घाट असतो, मागून ढकलायला इंजिनं लागतात. काकूंना खिडकी दिली, सामान लावलं, आणि काका खाली उतरले. मला वाटलं निरोप घ्यायला. त्यांनी दाराशेजारी डब्यावर बोटाच्या पेराने टकटक केली आणि डावा कान लावला. मग सरकून मला जागा दिली. "तू ऐक."

मला डब्यांतलं काय कळतंय? तरी मी कान लावला. पत्रा उन्हाने कोमट झाला होता. काकांनी टकटक केली. मी एकदा ऐकलं, दोनदा ऐकलं. तिसऱ्या वेळी मागे इंजिनं लागली आणि एक दणका अख्ख्या गाडीतून सरकत येऊन माझ्या कानाखालून पुढे गेला. काका माझ्या तोंडाकडे बघत होते. यंत्र खिशातच होतं.

"काय?"

"फिट," मी डाव्या बाजूला जाऊन म्हटलं.

त्यांनी खिशातून खडू काढून माझ्या हातावर ठेवला. अख्खा, पांढरा. "मग लिही की. नुसतं बोलून गाडी सुटत नाय."

मी दाराशेजारी, त्यांच्या खांद्याच्या उंचीवर, बारीक अक्षरात लिहिलं. त्यांनी ते वाचलं, मान हलवली आणि डब्यात चढले. खिडकीतून काकू काहीतरी म्हणाल्या, आणि ते त्यांना लगेच ऐकू आलेलं मी पाहिलं, कारण त्या डावीकडे बसल्या होत्या. गाडी हलली. माझ्या हाताने लिहिलेलं पहिलं 'फिट' त्या दोघांना घेऊन घाटाच्या दिशेने गेलं, आणि खडू परत द्यायचा राहिला.